कोल्हापूरचा जोडीदार, परदेशी पासपोर्ट

लग्न : विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस.

व्हिसा : भारतीयाच्या जोडीदारासाठी एंट्री (एक्स) व्हिसा. मुदत १८० दिवसांहून जास्त असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक.

ओसीआय कार्ड : नोंदणीकृत विवाहाला सलग २ वर्षे झाल्यावर अर्ज. आजीवन व्हिसा मिळतो, नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. ऊसपट्ट्यातल्या घरांनी हे आधीच लक्षात घ्यावे. आई-वडील, आजी-आजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असल्यास कार्ड नाही. घटस्फोटानंतर ते रद्द होऊ शकते.

नागरिकत्व : भारतात ७ वर्षे वास्तव्यानंतर अर्ज. मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते.