डोंग्याची डागडुजी

वैनगंगेवर ढीवर मासेमारांचा लाकडी डोंगा पाण्यापेक्षा काठावर जास्त बिघडतो. नागपूर परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात पालथ्या पडलेल्या डोंग्याचे लाकूड झपाट्याने सुकते. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की लाकूड आकसू लागते; तेही लांबीत जवळपास नाहीच, सगळे रुंदीत. म्हणून फळ्यांच्या सांध्यांना फटी पडतात.

अशा फटी बघून घाईने त्या ठासून भरणे ही नेहमीची चूक. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, जागा उरली नाही तर एकमेकींना रेटतात आणि खिळे उपसतात. जुना डोंगा आधी काही दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवावा. बऱ्याच फटी आपोआप मिटतात. उरलेल्या फटींत सुती दोरा बेताने ठोकून वरून डांबर भरावे.

गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो, पण बुरशी असते. ओलावा 20 टक्क्यांवर आणि हवा लागलेली, एवढे तिला पुरते. त्यामुळे कूज बहुधा पाण्याच्या रेषेजवळ आणि गंजक्या खिळ्यांभोवती सापडते. आरी टोचून पाहावी. ती लोण्यासारखी आत गेली तर तेवढा भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचे ठिगळ बसवावे. सागाच्या गाभ्यात बुरशी व वाळवी रोखणारी द्रव्ये असतात, बाहेरच्या पांढुरक्या भागात ती नसतात. स्वस्त फळी इथेच महाग पडते. डांबराचा नवा हात लाकूड कोरडे असतानाच द्यावा, नाहीतर ओल आत कोंडते.