आंधळी कोशिंबीर, शनिवारी रात्री

पाच दिवस ऑफिसची टार्गेट्स आणि शनिवारी रात्री ड्रॅगन! सगळं मस्त चाललं होतं. मग एका मंत्राने आमच्या ग्रुपचा पार विचका केला...

गुंडोपंत गेले तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

घाबरू नका, गुंडोपंत कुणाचे काका नव्हेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधलं आमच्या एका मैत्रिणीचं ते कॅरॅक्टर. ड्वार्फ जमातीचा फायटर. चिलखत, कुऱ्हाड, दाढी, सगळं साग्रसंगीत! माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर दर शनिवारी, अशी दोन वर्षं तिने त्याला जपलं होतं. आणि तो गेला तो आमच्याच वॉरलॉकच्या कृपेने.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला हा खेळ. कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर बडबड. एक जण डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि भांडणं सोडवणारा. आमच्यात तो मान माझा. (हिंजवडीत दिवसभर हेच करतो, फक्त तिकडे पगार मिळतो.)

तर मंत्राचं नाव ‘डार्कनेस’. दुसऱ्या लेव्हलचा, म्हणजे फार वरचाही नाही. १५ फूट त्रिज्येचा काळाकुट्ट गोळा, लक्ष विचलित झालं नाही तर दहा मिनिटं टिकणारा. मशाल पेटवा, कंदील लावा, काही उपयोग नाही. ड्वार्फला एरवी अंधारातही दिसतं, पण या अंधारात त्यालाही नाही. दिसतं कुणाला? ‘डेव्हिल्स साइट’ घेतलेल्या वॉरलॉकला, चक्क १२० फूट! लहानपणी लाइट गेले की आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधा आणि एकाचीच सैल ठेवा, म्हणजे झाला हा मंत्र. वर वॉरलॉकला तासभर विश्रांती घेतली की मंत्र पुन्हा तयार. विझर्ड बिचारा त्यासाठी रात्रभर झोपतो.

त्या रात्री पुलावर दोन ओगर होते. वॉरलॉकने गोळा टाकला तो थेट लढाईच्या मधोमध. त्याला सगळं लख्ख दिसतंय, त्याला मात्र कुणी पाहू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक हल्ल्याला दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. पठ्ठ्या खूश! इकडे गुंडोपंत कोसळले. आमच्या क्लेरिककडे ‘हीलिंग वर्ड’ होता, ६० फुटांवरून जीव वाचवणारा. पण नियमाची अट अशी, की ज्याला वाचवायचं तो दिसला पाहिजे. तो दिसत नाही म्हटल्यावर क्लेरिक आत शिरून चाचपडत बसला. नेमका कुठे पडलाय हे त्याला आपोआप कळणार नाही, असा निर्णय मी दिला होता. मृत्यूच्या फाशात १० किंवा जास्त पडले तर आशा. तिला पडले ८, ४ आणि ९. तीनदा नापास, खेळ खलास.

तिने फासे डबीत भरले, ‘चल, निघते’ म्हणाली. पुढच्या शनिवारी ऑफिसचं काम होतं. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शनिवारी तिने कारणसुद्धा कळवलं नाही, तेव्हा माझी टरकली.

मग मी पुस्तकं काढली. गंमत म्हणजे या मंत्राने खेळ बनवणाऱ्यांनाही छळलंय. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत अंधार पूर्ण, कुणालाच दिसायचं नाही. २००३मध्ये सुधारणा म्हणून तो नुसता संधिप्रकाश केला, तर काळ्याकुट्ट तळघरात ‘डार्कनेस’ टाकल्यावर उजेड वाढायला लागला! २०१४मध्ये अंधार पुन्हा पूर्ण झाला. २०२४च्या पुस्तकातही वॉरलॉकची ही जोडगोळी शाबूत आहे.

मीही माझं डोकं चालवलं. आधी त्रिज्या १० फुटांवर आणली. मग प्रत्येक शत्रूकडे तिसऱ्या लेव्हलचा ‘डेलाइट’ दिला, तो हा अंधार पुसून टाकतो. वॉरलॉक भडकला, ‘अरे, तू माझ्याच मागे लागलायस!’ खोटं नव्हतं. नियमांप्रमाणे दोघंही आंधळे असले, तर दोघांचे फायदे-तोटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि लढाई भर दुपारी चालावी तशी चालते. हे मला पटेना. म्हणून आतल्या सगळ्यांचा नेम चुकेल असा घरचा नियम केला. परिणाम? रात्री दीडपर्यंत कुणालाच काही लागलं नाही आणि क्लेरिक सोफ्यावर झोपला.

शेवटी मी तिलाच फोन केला. म्हटलं, मंत्रच बंद करून टाकतो. ती म्हणाली, ‘मंत्राचं जाऊ दे रे. त्याला मी दिसत होते ना? मग त्याने सांगितलं का नाही, मी कुठे पडलेय ते?’

मी गप्प. खरंच की! तो अंधार हवा तेव्हा सोडूनही देऊ शकत होता, त्याला काही खर्च नाही. आम्ही सगळे फूट मोजत बसलो होतो आणि किंमत मोजत होते बाकीचे चौघं. मी दुसऱ्या दिवशी हे वॉरलॉकला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. ‘मी माझेच फासे मोजत होतो,’ म्हणाला.

त्रिज्या परत १५ केली. नवीन नियम एकच, टाकण्याआधी विचारायचं. बाकी सगळं पुस्तकातलंच. अंधार एखाद्या दगडावर टाकता येतो आणि तो दगड पूर्ण झाकला की अंधार बंद. वॉरलॉकने आता झाकणाची स्टीलची डबी बाळगलीय, अगदी पानसुपारीवाल्या आजोबांसारखी. शिवाय गोळा आपल्या माणसांवर टाकण्यापेक्षा शत्रूच्या जादूगारावर टाकण्यात मजा आहे, हेही त्याला कळलं. समोरचं दिसल्याशिवाय त्याचे निम्मे मंत्र चालतच नाहीत.

गेल्या शनिवारी ती आली. नवं कॅरॅक्टर, गुंडोपंतांची पुतणी, तीच कुऱ्हाड. साडेदहाला पहिली लढाई लागली. वॉरलॉकने डबी पुढे केली आणि तिच्याकडे बघितलं.

‘उघडू?’

‘थांब, दोन घरं मागे येऊ दे मला... हं, आता उघड.’