औद्योगिक आज्ञावली-विकासात अ‍ॅजाइल पद्धतीचे स्थान : बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा तयार केला. संपूर्ण आराखडा आधीच निश्चित न करता काही आठवड्यांच्या टप्प्यांत चालती आज्ञावली वापरकर्त्याच्या हाती द्यावी व त्याच्या प्रतिसादानुसार पुढील काम आखावे, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. ती कोठे स्वीकारावी हे केवळ उद्योगाच्या प्रकारावरून ठरविता येत नाही. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरात अणुवीज केंद्र आणि औषध-रसायनांचे कारखाने जवळजवळ असल्याने हा मुद्दा तेथे विशेष स्पष्ट होतो.

तारापूर केंद्राची पहिली दोन एकके १९६९ मध्ये, तर प्रत्येकी ५४० मेगावॅटची पुढील दोन २००५-०६ मध्ये सुरू झाली. अणुभट्टी आपोआप बंद करणाऱ्या प्रणालीच्या आवश्यकता भौतिकशास्त्रातून निघतात. वापरकर्त्याच्या पसंतीनुसार त्या बदलत नाहीत. अशा आज्ञावलीसाठी असलेले आयईसी ६०८८० हे आंतरराष्ट्रीय मानक विकासाच्या टप्प्याटप्प्यावर स्वतंत्र पडताळणीची अपेक्षा ठेवते. चूक वापरात आल्यावर दुरुस्त करू, ही सवलत येथे संभवत नाही. याउलट, कोणत्याही मोठ्या केंद्राच्या भांडारातील सुट्या भागांची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीत काय हवे, हे भांडारपालालाही पडदा समोर आल्यावरच नेमके उमगते. तेथे अ‍ॅजाइल उपयुक्त ठरते.

औषधनिर्मितीतील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेस निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या विद्युत-नोंदींना १९९७ चा तेथील 'भाग ११' हा नियम लागू होतो. उत्पादन-नोंदीच्या आज्ञावलीतील प्रत्येक बदलाचा परिणाम तपासून त्याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. म्हणून विकास लहान टप्प्यांत करावा, परंतु प्रत्यक्ष वापरासाठीची आवृत्ती मोजक्या वेळी, पूर्ण प्रमाणीकरणानंतरच द्यावी. 'गॅम्प ५' या मार्गदर्शिकेच्या २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीनेही टप्प्याटप्प्याच्या विकासास स्थान दिले आहे. मात्र त्याच कारखान्यात उष्णता उत्सर्जित करणाऱ्या अभिक्रियेवरील तापमान-नियंत्रणाची सुरक्षा-साखळी आधी संपूर्ण लिहून, तपासूनच बसविणे इष्ट.

एक व्यावहारिक अडचण पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. अ‍ॅजाइलला वापरकर्त्याचा सततचा सहभाग हवा असतो. कारखाना मात्र तीन पाळ्यांत चालतो. प्रात्यक्षिकास बहुधा दिवसपाळीचा पर्यवेक्षक उपस्थित राहतो आणि बदललेला पडदा मध्यरात्री भलत्याच चालकासमोर येतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्याची पाहणी रात्रपाळीच्या चालकाकडूनही करून घेणे शक्य नसेल, तर नियंत्रण-कक्षातील आज्ञावलीस ही पद्धती लावू नये.