एकोणचाळीस अंकी मूळ संख्या

बुद्धिबळाच्या शोधकाने राजाजवळ मागितलेल्या दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जायचे. पट चौसष्टाऐवजी १२७ घरांचा असता, तर सर्व दाण्यांची बेरीज २ चा १२७ वा घात उणे १ इतकी झाली असती. ती संख्या अशी:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

या राशीचे सारखे ढीग करू म्हटले तर ते साधणार नाही. एकच ढीग करा, नाहीतर एकेक दाणा वेगळा ठेवा. तिसरा मार्ग नाही. अशा संख्येस आपण मूळ संख्या म्हणतो. ही संख्या मूळ आहे, हे फ्रेंच गणिती ल्यूका याने १८७६ साली सिद्ध केले.

हे त्याला कळले कसे? शाळेतली रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे. पण येथे वर्गमूळच वीस अंकी! सेकंदाला एक भागाकार केला तरी सुमारे ४१ हजार कोटी वर्षे लागतील. आणि विश्वाचे वय अवघे १,३८० कोटी वर्षे आहे.

ल्यूकाने तो रस्ताच सोडला. त्याच्या कसोटीला लेमर याने पुढे जे सोपे रूप दिले, ते ३१ वर, म्हणजे २ चा ५ वा घात उणे १ हिच्यावर, लावून पाहू. आरंभ ४ पासून. त्याचा वर्ग करून २ वजा करा: १४. पुन्हा तेच करा: १९४, त्यास ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा एकदा: ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ. शून्य न येते, तर ती संयुक्त ठरती. आपल्या संख्येस अशा १२५ पायऱ्या पुरतात. २०२४ साली सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खातरजमाही याच कसोटीने झाली.

कसोटीची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या मेर्सेन याने १६४४ साली मूळ मानली होती. ल्यूकाने १८७६ साली ती संयुक्त असल्याचे दाखविले; पण तिचे अवयव त्याला सांगता आले नाहीत. घरात कोणीतरी आहे एवढे कळले, कोण आहे ते कळले नाही! ते अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकन गणिती कोल याने १९०३ साली पुढे ठेवले. मध्ये सत्तावीस वर्षे गेली.

संख्या मूळ की संयुक्त हे ओळखणे एक, आणि ती फोडणे दुसरे. १९७७ साली रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी याच अंतरावर गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली. दोन प्रचंड मूळ संख्या निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, अवयव मात्र आपल्यापाशी ठेवायचे. संगणकांवरील कितीतरी खाजगी व्यवहार या कुलपावर विसंबत आले आहेत. पण श्रोतेहो, अवयव काढण्याची झटपट रीत असूच शकत नाही, असे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही. कुलूप आजवर टिकले आहे, ते किल्ली करण्याची सोपी युक्ती कोणाला सापडल्याचे ठाऊक नाही म्हणून.