आग विझवणाऱ्यांचा जीव कोण राखणार?

१४ एप्रिल म्हणजे आपली जयंती. विहारात वंदना, वस्तीत निळे झेंडे, संध्याकाळी मिरवणूक. त्याच दिवशी देशभरातील अग्निशमन केंद्रांत जवान रांगेत उभे राहून आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे आणि त्याचा सप्ताह २० एप्रिलपर्यंत चालतो. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. कापूस आतून कसा धुमसतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. जिनिंगमध्ये वरची ज्वाळा विझते, पण गाठीच्या पोटात विस्तव तसाच राहतो. जवान पाणी मारत असतानाच जहाजाचा स्फोट झाला. त्या दुर्घटनेत ६६ अग्निशामक जवान गेले. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याआधी चारच महिने, डिसेंबर १९४३ मध्ये, ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून कामगारांची स्थिती पाहून आले होते. कामावरच्या माणसाचा जीव हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. म्हणून या वेळचे आरोग्य पान आम्ही अग्निशमन जवानांसाठी ठेवले आहे. हे काम करणारी मुले आपल्याही घरांतली आहेत.

श्रद्धांजलीनंतर काय?

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. अधिकारी आत असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. गंभीर भाजलेले उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांचा त्याच महिन्यात उपचारादरम्यान मृत्यू झाला. राज्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत अनुभवी दलाची ही गत झाली.

१ डिसेंबर २०१९ रोजी पुण्याजवळ दापोडीत ड्रेनेजसाठी खोदलेल्या खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढायला गेलेल्यांवर माती ढासळली. मजूर गेला आणि अग्निशमन दलाचा एक जवानही गेला.

अशा मृत्यूनंतर मानवंदना होते, मदत जाहीर होते, चौकशी बसते. पण त्या चौकशीतून निघालेला धडा अमरावतीच्या, अकोल्याच्या, आकोट-अचलपूरच्या जवानापर्यंत पोहोचतो का? खरा प्रश्न हा आहे.

अमेरिकेत १९९८ पासून ‘नायोश’ ही कामगार आरोग्याची सरकारी संस्था कामावर मरण पावलेल्या अग्निशामकांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी करते. दोष कोणाचा हे शोधणे हा या चौकशीचा हेतू नसतो. मृत्यू कशाने झाला आणि तो कसा टळला असता, एवढेच ती पाहते आणि अहवाल सर्वांसाठी खुला करते. पुढे या संस्थेने आणखी एक काम केले. आमच्या सूचना तुम्ही प्रत्यक्षात पाळता का, असे देशभरातील अग्निशमन दलांना प्रश्नावली पाठवून विचारले. मोठ्या शहरांतली पगारी दले पुढे दिसली आणि लहान गावांतली दले मागे. म्हणजे जिथे गाड्या कमी, माणसे मोजकी आणि पैसा तुटपुंजा, तिथे सूचना कागदावरच राहण्याचा धोका जास्त. आपल्या भागाने हे विशेष लक्षात घ्यावे.

जवान नेमके कशाने मरतात?

ज्वाळेने भाजून, असे आपल्याला वाटते. अमेरिकेतल्या नोंदी वेगळेच सांगतात. तिथे कामावर होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे हृदय अचानक बंद पडल्याने होतात. त्याखालोखाल वाहनांचे अपघात येतात. घंटा वाजते, झोपेतला माणूस क्षणात उठतो, जड पोशाख आणि पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन जिने चढतो. आधीच रक्तदाब, साखर किंवा तंबाखू असेल तर हृदयाला तो ताण सोसत नाही.

उन्हाचे तर विचारूच नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. जाड फायर सूटमध्ये घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. अशा वेळी कुटाराची गंजी किंवा सरकीचा ढीग तासन्‌तास विझवणाऱ्याला आगीआधी उष्माघात गाठू शकतो.

तिसरे, धूर. प्लास्टिक, फोम, रेक्झिन जळले की कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडसारखे विषारी वायूही निघतात. तोंडाला ओला रुमाल बांधून ते अडत नाहीत. त्यासाठी बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वच्छ हवा देणारा मुखवटाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचे काम हे कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग यांचा पुरावा तिने पुरेसा मानला.

जबाबदारी कोणाची?

आपल्याकडे सूचना नाहीत असे नाही. केंद्राची स्थायी अग्निशमन सल्लागार समिती १९५५ पासून आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधक कायदा केला. पण सल्लागार समिती सल्ला देते, बीए सेट विकत घेत नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. त्यामुळे जवानाला सूट मिळतो की नाही, याचे उत्तर महापालिकेने आणि नगरपरिषदेने द्यायचे आहे. ते उत्तर मागणारा नागरिक मात्र हवा.

आपण विचारायचे प्रश्न

१. प्रत्येक जवानाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते का? त्यात रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी असते का?
२. कामावर असणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या मापाचा फायर सूट, हेल्मेट, हातमोजे आणि बूट आहेत का?
३. चालू स्थितीतले बीए सेट किती? शेवटची दुरुस्ती आणि चाचणी कधी झाली?
४. आत गेलेल्या जवानांची नोंद बाहेर कोण ठेवतो? प्रत्येक तुकडीकडे वॉकीटॉकी आहे का?
५. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती? सलग किती तास ड्युटी लावली जाते?
६. कंत्राटी जवानाला तोच पोशाख, तेच प्रशिक्षण, तोच विमा मिळतो का?
७. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी सीटबेल्ट आहे का?
८. मागील दुर्घटनांच्या चौकशीतल्या कोणत्या शिफारशी अमलात आल्या?

हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. साधा अर्ज, १० रुपये शुल्क, पत्ता महापालिकेच्या अग्निशमन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. एकट्याने करण्यापेक्षा विहार समितीत प्रश्न वाचून घ्यावेत आणि कोणी कुठे अर्ज करायचा ते वाटून घ्यावे. आलेली उत्तरे विहाराच्या फलकावर लावावीत. अकोल्याचे उत्तर अमरावतीच्या शेजारी ठेवले की कुठे काय कमी आहे ते आपोआप दिसेल.

घरात जवान असेल तर

आगीवरून आल्यावर काजळीचे कपडे घरात आणू देऊ नका. शक्यतो केंद्रावरच धुवावेत. आणलेच तर लेकरांच्या कपड्यांत मिसळू नका. अंघोळ आधी, लेकराला जवळ घेणे नंतर. तंबाखू-खर्रा सुटावा म्हणून घरच्यांनी मागे लागावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असे काही झाले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा. उन्हातल्या कामात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापून चक्कर आली, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

वस्तीत आग लागली तर

पहिला फोन १०१ किंवा ११२ ला करा. घरात सिलिंडर किती, माणूस अडकला आहे का, वीज बंद केली का, हे जवानांना आधी सांगा. घरात कोणी नसेल तर तेही स्पष्ट सांगा. रिकाम्या घरासाठी कोणाचा जीव धोक्यात जाऊ नये. गल्लीच्या तोंडावरच्या मोटरसायकली आणि हातगाड्या हलवा, बंब वस्तीत शिरू द्या. विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणी बेशुद्ध पडला तर दोरी बांधूनही मागोमाग उतरू नका. तिथला वायू दिसत नाही आणि वाचवायला गेलेलाही बेशुद्ध पडतो.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. कारण कळले आणि ते दूर केले तर दुःख टळते. जवानाच्या मृत्यूलाही कारण असते, आणि बहुतेक वेळा ते आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असते. या जयंतीला शक्य असेल तिथे जवळच्या केंद्रातल्या जवानांना विहारात बोलवा. त्यांच्याकडून वस्तीला आग विझवण्याचे प्रात्यक्षिक मिळेल, आणि आपल्या आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब व साखर तपासता येईल. वरच्या आठ प्रश्नांची उत्तरे ज्या वस्तीला मिळतील, तिने ती आम्हाला जरूर पाठवावीत. या पानावर आम्ही ती छापू.