कारागिरांनो, झाडही लावा!

बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणचा लाकडी खेळण्यांचा हुन्नर टिपू सुलतानांच्या काळातला मानला जातो. आजही तेथील अनेक मुस्लिम कुटुंबांची रोजी त्यावर चालते. लाकूड ‘आले मर’चे, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याचे. पांढरे व मऊ असल्याने ते कातायला सोपे आणि लाखेचा रंगही छान धरते. पण लाकूडच संपले तर हुन्नर काय कामाचा?

देशी झाडांचे शौकीन बिया जमवून रोपे वाटतात. कारागिरांनी त्यांना साथ द्यावी, असे आम्हास वाटते. कुड्याच्या जोडशेंगा फुटण्याआधी काढाव्यात, नाहीतर केसाळ बी वाऱ्यावर उडून जाते. पिशवीत रोप करून पावसाळ्यात मोकळ्या जागेत लावावे. हदीसनुसार झाड लावणे हा सदका आहे. कारागिरासाठी ती मुलाबाळांची पुंजीही आहे.