स्वन आणि स्वनिम : मराठीतील 'च' व 'ज' यांच्या अनुषंगाने

प्रास्ताविक :
भाषेच्या अध्यापनात वर्ण आणि ध्वनी यांची गल्लत वारंवार होते. देवनागरी उच्चारानुसारी आहे, या समजुतीमुळे एक चिन्ह म्हणजे एक ध्वनी असे गृहीत धरले जाते. मराठीतील 'च' व 'ज' ही चिन्हे या गृहीतकाला छेद देतात.

स्वनविज्ञान :
मुखावाटे निघणारा प्रत्येक भाषिक ध्वनी म्हणजे स्वन. त्याची निर्मिती, वहन व श्रवण यांचा अभ्यास स्वनविज्ञान करते. 'चित्र' मधील 'च' उच्चारताना जिभेचा पुढील भाग कठोर तालूला भिडतो. हा तालव्य उच्चार होय. 'चूल' मध्ये जीभ दातांच्या मुळाशी येते. हा दंततालव्य उच्चार होय. 'ज' व 'झ' यांचेही असेच दोन उच्चार आढळतात. 'छ' मात्र प्रमाण मराठीत तालव्यच राहतो.

स्वनिमविचार :
कोणत्या ध्वनिभेदामुळे अर्थभेद होतो, हा स्वनिमविचाराचा मुख्य प्रश्न आहे. अर्थभेद घडविणारे ध्वन्यात्मक एकक म्हणजे स्वनिम. 'पळ' व 'फळ' या लघुतम युग्मावरून 'प' आणि 'फ' हे भिन्न स्वनिम ठरतात. याउलट, 'अंक' मधील कंठ्य अनुनासिक केवळ कवर्गीय व्यंजनांपूर्वी येते. 'संथ' मधील दंत्य अनुनासिक त्या स्थानी येत नाही. असा परिपूरक विनियोग असणारे ध्वनी ही एकाच स्वनिमाची स्वनांतरे मानली जातात.

'च' व 'ज' यांचे स्थान :
'आजा' मधील दंततालव्य 'ज' हा 'आजी' मध्ये तालव्य होतो. इ, ई आणि य यांपूर्वी सामान्यतः तालव्य उच्चारच आढळतो. एवढ्यावरून हे दोन उच्चार स्वनांतरे वाटतील. परंतु 'जग' (विश्व) आणि 'जग' ('जगणे'चे आज्ञार्थी रूप), 'जरा' (वार्धक्य) आणि 'जरा' (थोडे), 'चार' (४) आणि 'चार' ('चारणे'चे आज्ञार्थी रूप) या जोड्यांत लेखन एकच असूनही केवळ उच्चारामुळे अर्थ बदलतो. संस्कृत 'जरा' तालव्य, तर फारसीतून आलेला 'जरा' दंततालव्य आहे. अशा तत्सम व आगत शब्दांमुळे हा विरोध अधिक स्पष्ट झाला. म्हणून येथे चिन्ह एक असले तरी स्वनिम दोन मानावे लागतात.

समारोप :
मराठी मातृभाषा असणाऱ्यास हा भेद नकळत अवगत असतो. अन्यभाषक विद्यार्थ्याला लिपी त्याची कोणतीही खूण देत नाही. त्याची उच्चारातील चूक ही निष्काळजीपणा नसून लिपीवर ठेवलेल्या विश्वासाचा परिणाम असू शकते. तेव्हा वर्णमालेसोबत लघुतम युग्मांचे श्रवण व उच्चारण यांनाही अध्यापनात स्थान देणे आवश्यक ठरते.